गावात घर बांधण्यासाठी ठेकेदार नेमताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीनंतर कापसाची पहिली वेचणी विकली गेली, सोयाबीनचे पैसे खात्यात पडले, की वऱ्हाडापासून वैनगंगेच्या काठापर्यंत गावोगावी पायव्याच्या आखणीची चुन्याची फक्की दिसू लागते. घराचे नकाशे काढून देण्याच्या आणि बांधकामावर देखरेख ठेवण्याच्या कामानिमित्त मला जे प्रश्न दरवर्षी विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. शहरातील फ्लॅट खरेदीचा विचार येथे केलेला नाही. स्वतःच्या जागेवर, स्वतःच्या पैशाने, दुसऱ्याकडून घर बांधून घेणाऱ्यांसाठीच हे लेखन आहे.

‘परवानाधारक ठेकेदार’ नेमके कोणाला म्हणायचे?

महाराष्ट्रात खासगी घर बांधून देणाऱ्या ठेकेदारासाठी राज्य शासनाचा असा वेगळा, सक्तीचा परवाना नाही, आणि ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. एखाद्याच्या कार्डावर किंवा गाडीच्या काचेवर ‘शासनमान्य ठेकेदार’ असे लिहिलेले असते, तेव्हा त्याची सार्वजनिक बांधकाम विभागाकडे किंवा जिल्हा परिषदेकडे नोंदणी आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो. ती नोंदणी सरकारी निविदा भरण्यासाठी असते आणि किती रकमेपर्यंतचे सरकारी काम त्याला घेता येईल, हे तिच्या वर्गावरून ठरते. नाली, सिमेंटचा रस्ता, शाळाखोली अशी कामे त्याने केली असतील; परंतु तुमच्या घराचा स्लॅब गळणार नाही, याची हमी त्या नोंदणीत कोठेही नाही. उलट, ज्यांच्या हातची घरे तीस-तीस वर्षे उभी आहेत अशा कित्येक मिस्त्रींकडे नोंदणीचा कागद कधीच नव्हता.

परवाना किंवा नोंदणी लागते ती नकाशावर सही करणाऱ्याला. ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेण्यासाठी १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमानुसार नोंदणी आवश्यक आहे आणि बांधकाम परवानगीच्या नकाशावर परवानाधारक अभियंत्याची सही मागितली जाते. म्हणजे सही करणारा एक आणि बांधणारा दुसरा, अशी दोन माणसे येथे असतात. सही करणारा पुन्हा साइटवर कधी फिरकतच नाही, हा सर्वसाधारण अनुभव असल्याने तो किती वेळा येईल आणि प्रत्येक भेटीचे किती घेईल, हे त्याच्याशी आधीच ठरवून घ्यावे. ‘महारेरा’चे (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचे) नावही अनेकदा घेतले जाते, परंतु त्याचा कायदा विक्रीसाठी बांधल्या जाणाऱ्या प्रकल्पांचा आहे, स्वतःच्या राहत्या घराच्या ठेक्याला तो लागू होत नाही.

मग ठेकेदाराची पारख कशी करावी?

नोंदणी असल्यास तिची मुदत पाहावी. जीएसटी क्रमांक असल्यास तो शासनाच्या संकेतस्थळावर टाकून नाव जुळते का, हे पाहावे. त्याला पैसे पडत नाहीत. वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल, तर सेवा देणाऱ्याला जीएसटी नोंदणी सहसा बंधनकारक नसते, त्यामुळे छोट्या ठेकेदाराकडे तो क्रमांक नसला म्हणून त्याला लबाड ठरवू नये.

कागदांपेक्षा त्याने बांधलेली तीन घरे अधिक सांगून जातात: एक चालू असलेले, एक याच वर्षी पूर्ण झालेले आणि एक किमान दोन पावसाळे पाहिलेले. तिसऱ्या घरी गेल्यावर बैठकीच्या खोलीत चहा घेऊन परत येऊ नये. न्हाणीघराच्या मागची भिंत, खिडकीच्या चौकटीचे कोपरे आणि गच्चीवर कठडा व स्लॅब यांचा सांधा, या तीन जागा पाहाव्यात. आणि शक्यतो घरातल्या बाईलाच विचारावे, कारण पावसात घमेले कोठे ठेवावे लागते, हे तिला नेमके माहीत असते.

आणखी एक चौकशी मी नेहमी करायला सांगतो. तालुक्याच्या ठिकाणी ज्या दुकानातून हा ठेकेदार सिमेंट-लोहा उचलतो, त्या दुकानदाराकडे त्याची उधारी किती थकली आहे, याचा अंदाज घ्यावा. मागच्या घराची उधारी डोक्यावर असलेला माणूस तुमच्या पायव्याच्या पैशांतून ती फेडतो, मग तुमच्या स्लॅबसाठी पुढचे गिऱ्हाईक शोधतो, आणि या साखळीत ज्याचे घर शेवटी सापडते, त्याचे काम अर्धवट राहते.

घरकुल मंजूर झाले आहे. ते ठेकेदाराला देता येईल का?

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मध्ये घर लाभार्थ्याने स्वतः बांधून घ्यावे, ठेकेदारामार्फत नव्हे, अशी योजनेची मांडणी आहे. म्हणूनच अनुदानाचे हप्ते थेट लाभार्थ्याच्या खात्यात येतात आणि प्रत्येक टप्प्याचा जागेवरचा फोटो घेतला जातो. मिस्त्री आणि मजूर लावता येतात. परंतु ‘तुमचे पासबुक आणि एटीएम माझ्याकडे द्या, मी सगळे बघतो’ असे म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. राज्याच्या २०२५ च्या वाळू धोरणात घरकुल लाभार्थ्यांना ५ ब्रासपर्यंत (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) रेती मोफत देण्याची तरतूद आहे. तिच्यासाठी तहसील कार्यालयात वेळेत विचारणा करावी.

परवानगी कोणी काढायची?

ठेकेदार धावपळ करील, पण जबाबदारी मालकाचीच राहते. गावठाणातील जागेसाठी महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ नुसार ग्रामपंचायतीकडे जावे लागते. गावठाणाबाहेरच्या शेतजमिनीवर राहते घर बांधायचे असेल, तर जमीन महसूल संहितेनुसार अकृषिक वापराचा, म्हणजे एनएचा, प्रश्न येतो. शेतघरासाठीचे नियम वेगळे आहेत. ई-क्लासच्या (सरकारी गायरानाच्या) जागेवर ‘सगळ्यांनीच बांधले आहे’ या भरवशावर पायवा खोदू नये. तोंडी होकारावर काम सुरू करून शेजाऱ्याच्या तक्रारीनंतर थांबलेली बांधकामे मी पाहिली आहेत, आणि थांबलेल्या काळातही ठेकेदाराचा सेंट्रिंगचा (स्लॅबखालच्या फळ्या-टेकूंचा) भाडेखर्च मालकालाच लागला आहे.

नुसत्या मजुरीवर द्यावे की मालासह?

घरातील एखादा जाणता माणूस रोज तासभर तरी साइटवर उभा राहू शकत असेल, तर सिमेंट, लोहा, रेती आणि गिट्टी स्वतः आणून काम लेबर रेटवर द्यावे, असे माझे मत आहे. माल आपला असला की काटकसरीच्या नावाखाली तो कमी पडत नाही. मात्र नासाडी होते, आणि ‘मालक, दोन पिशव्या कमी पडल्या’ हा फोन ऐन स्लॅबच्या दिवशी येतो, हेही धरून चालावे. मुले पुण्या-नागपुरात आणि घरी वयस्क आई-वडील, अशी स्थिती असेल, तर मालासह ठेका देणे भाग पडते. त्या वेळी अभियंत्याच्या भेटींवर खर्च करण्यात कंजुषी करू नये.

कराच्या दृष्टीनेही यात फरक आहे. एका स्वतंत्र राहत्या घराच्या नव्या बांधकामासाठी केवळ मजुरीचा ठेका असेल, तर त्यावर जीएसटी माफ आहे. नोंदणीकृत ठेकेदाराने मालासह काम घेतले, तर १८ टक्के कर लागतो. त्यामुळे दर ठरवताना ‘कर धरून की कर वेगळा’ हा प्रश्न त्याच बैठकीत विचारून टाकावा.

चौरस फुटाचा दर ठरला, तरी शेवटी रक्कम वाढते. असे का होते?

कारण दर ठरतो, पण चौरस फूट कशाचा, हे ठरत नाही. कोणी भिंतींसह तळमजल्याचे क्षेत्र मोजतो, तर कोणी स्लॅबचे; आणि स्लॅबच्या मापात छज्जे, पोर्च व जिन्याचे डोके हेही येते. तीस फूट लांब आणि पंचवीस फूट रुंद घर भिंतींच्या बाहेरून ७५० चौरस फूट भरते. त्याच घराचा स्लॅब चारही बाजूंनी दोन फूट बाहेर काढला, की माप ३४ गुणिले २९ म्हणजे ९८६ चौरस फूट होते. दर तोच, पण मोजणी २३६ फुटांनी वाढलेली. म्हणून नकाशावरच मोजायच्या भागाची रेष लाल शाईने ओढून दोघांनी तिच्यावर सही करावी.

शिवाय शौचालयाची टाकी, ओटा, पाण्याची टाकी, आवारभिंत, कठडा, वायरिंग, नळ आणि रंग यांतले काय दरात आहे आणि काय नाही, हे एकेक नाव घेऊन लिहून घ्यावे. ‘सगळं आलं त्यात’ या वाक्याला मोजमाप नसते.

काळ्या मातीत पायवा किती खोल घ्यावा?

पश्चिम विदर्भात सर्वाधिक घरे बिघडतात ती याच मुद्द्यावर. कपाशीला मानवणारी भारी काळी माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एप्रिलमध्ये शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तोच खेळ घराखालीही चालू असतो. भिंतीवर खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरपी चीर बहुतेक वेळा सिमेंट कमी पडल्याची नसून खालची माती हलल्याची असते.

ठेका ठरवण्यापूर्वी जागेच्या दोन टोकांना चाचणी खड्डे घेऊन मुरूम किती खाली लागतो, हे पाहावे. चार-सहा फुटांवर पक्का मुरूम असेल, तर कॉलमचे फूटिंग (खांबाचा पाया) त्यात बसवावे. काळी माती खोलवर असेल, तर अभियंत्याने खालच्या टोकाला फुगवटा असलेले पाइल्स सुचवणे शक्य आहे. त्या पद्धतीत पाइल माती हलण्याच्या थराखाली उतरवले जातात आणि वरून बीमने जोडले जातात. ‘आपल्याकडे चार फूटच घेतात’ असे म्हणणाऱ्या ठेकेदाराला खड्डा दाखवावा आणि मगच बोलणे पुढे न्यावे.

जोत्यात भरावा कशाचा, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. माझ्या स्वतःच्या घरी मी तो विचारला नव्हता. ठेकेदाराने पायव्यातून निघालेली काळी मातीच जोत्यात लोटली, ट्रॅक्टरच्या काही फेऱ्या वाचवल्या आणि वरून गुळगुळीत फरशी बसवून दिली. तिसऱ्या पावसाळ्यात मधल्या खोलीची फरशी पोळीसारखी फुगून वर आली. दार उघडताना खाली घासू लागले. ती फरशी काढून, माती उपसून, मुरूम भरून पुन्हा बसवण्यात जेवढे पैसे गेले, तेवढ्यात तेव्हा मुरमाच्या कितीतरी फेऱ्या आल्या असत्या. तेव्हापासून ‘जोत्यात मुरूम, थराथराने पाणी मारून धुम्मस केलेला’ ही ओळ मी प्रत्येक करारात लिहितो. न्हाणीचे आणि छपराचे पाणी भिंतीच्या बुडाशी मुरणार नाही, अशी नालीही त्यातच धरावी.

करार करणे खरोखर गरजेचे आहे का? ठेकेदार ओळखीचा आहे.

ओळखीच्या माणसाशी तर करार आवर्जून करावा, कारण त्याच्याशी भांडण झाले तर नातेही जाते. राज्यात ऑक्टोबर २०२४ पासून १०० रुपयांऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक वापरात आला आहे. तो खर्च फार मोठा नाही. सही केलेला नकाशा कराराला जोडावा. सिमेंटचा प्रकार, लोह्याची प्रत (सध्या एफई ५००डी चालते), काँक्रीट किमान एम-२० (काँक्रीटच्या ताकदीची प्रत), वीट भट्टीची की फ्लाय अॅशची, हे लिहावे. चंद्रपूर आणि कोराडीच्या वीजकेंद्रांमुळे राखेच्या विटा आपल्याकडे सहज मिळतात. त्या वाईट नाहीत, मात्र काठाला नखाने खरवडल्यावर भुगा पडणारी वीट परत करावी.

रेती कोण आणणार आणि वाहतुकीचा पास कोणाच्या नावाचा, हेही लिहावे. पावसाळ्यात घाट बंद असतात, त्यामुळे उशिरा सुरू केलेल्या कामात रेतीचाच दर सर्वांत आधी भडकतो. पाणी कोणाचे आणि वीज कोणाची, हे ठरवावे. घरगुती मीटरवरून शेजारच्या बांधकामाला वीज देऊ नये, महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्यावी. बदल करायचा झाल्यास त्याची रक्कम आधी लिहून दोघांनी सही करावी. काम संपण्याची तारीख, उशीर झाल्यास काय, आणि हस्तांतरानंतर किमान १२ महिने, म्हणजे एक पूर्ण पावसाळा, दोष विनामूल्य दुरुस्त करण्याची अट, एवढे असले तरी पुष्कळ झाले.

उचल किती द्यावी?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात घरदुरुस्तीच्या कामासाठी ठेकेदाराने सुरुवातीला कराराच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांपैकी जे कमी असेल त्यापेक्षा अधिक रक्कम घेऊ नये, असा कायदाच आहे. आपल्याकडे असे बंधन नसल्याने ते स्वतः पाळावे लागते. पाच ते दहा टक्के बयाणा पुरेसा आहे. पुढचे हप्ते पायवा, जोता, लिंटेल (दार-खिडक्यांवरची आडवी पट्टी), स्लॅब, प्लास्टर आणि फरशी-रंग अशा टप्प्यांना बांधावेत आणि टप्पा पूर्ण झाल्यावर द्यावेत. शेवटचे दहा टक्के राखून ठेवावेत. मजुरांचा आठवडी पगार शनिवारी व्हावा लागतो, त्यामुळे बाजारच्या आदल्या दिवशी ठेकेदार थोडे पैसे मागतो, यात गैर काही नाही. मात्र ती रक्कम त्याच टप्प्यातून वजा होईल, असे डायरीत लिहून त्याची सही घ्यावी. पैसे शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयने द्यावेत. पुढच्या वेचणीच्या भरवशावर तारखा देऊ नयेत. कापसाचा भाव पडला तर काम थांबते आणि दोष मालकावर येतो.

साइटवर रोज काय पाहावे?

लोह्याची सळाख वजनाला कमी असू शकते, म्हणून ती मोजावी. मिलिमीटरमधील जाडीचा वर्ग करून त्याला १६२ ने भागले, की दर मीटरचे वजन किलोत मिळते. त्यानुसार ८ मिमीची १२ मीटर लांब सळाख सुमारे ४.७ किलो आणि १२ मिमीची सुमारे १०.७ किलो भरली पाहिजे. कापूस मोजायच्या काट्यावर पाच सळाखा टाकल्या, तर दुकानदाराचा चेहराच पुरेसे सांगतो.

रेती-गिट्टीचा एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली आतून दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि दीड फूट भरलेली असेल, तर ती ९० घनफूट, म्हणजे पाऊण ब्रासच्या वर आणि एका ब्रासच्या खाली आहे. ‘एक ब्रास’ म्हणून पावतीवर सही करू नये.

काँक्रीट कालवताना मजुरांना ते पातळ हवे असते, कारण पातळ काँक्रीट ओढायला सोपे जाते. एम-२० च्या मिश्रणात ५० किलोच्या पिशवीला सुमारे ३० लिटरपर्यंतच पाणी लागते. पाइपने अंदाजे पाणी सोडू देऊ नये, बादली ठरवावी. संध्याकाळी सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या मोजाव्यात. सळाखीखाली कव्हर ब्लॉक (सळाख फळीला टेकू न देणारे छोटे ठोकळे) ठेवले आहेत का, हे पाहावे: स्लॅबला २० मिमी, कॉलमला ४० मिमी, फूटिंगला ५० मिमी. स्लॅबपूर्वी लोह्याचे फोटो काढून ठेवावेत, कारण नंतर ते कोणालाच दिसणार नाही.

मे महिन्यात स्लॅब टाकावा का?

टाळता आला तर टाळावा. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना काँक्रीटमधील पाणी उडून जाते आणि वरच्या थराला बारीक चिरा पडतात. टाकावाच लागला, तर पहाटे सुरू करून ऊन तापण्यापूर्वी आटोपावा आणि गोणपाटाने झाकावा. दुसऱ्या दिवशी स्लॅबवर मातीच्या पाळी घालून वाफे करावेत आणि ते पाण्याने भरलेले ठेवावेत. हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. मिश्र सिमेंटला किंवा कोरड्या उष्ण हवेत किमान दहा दिवस पाणी मारावे, असे भारतीय मानक सांगते. आपल्या उन्हात मी चौदा दिवस सांगतो. स्लॅबखालचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला सात आणि त्याहून मोठ्या गाळ्याला चौदा दिवसांआधी काढू नयेत. सेंट्रिंग दुसऱ्या साइटवर न्यायची घाई ठेकेदाराला असतेच, म्हणून स्लॅबची तारीख खडूने कॉलमवर लिहून ठेवावी.

मजुराला किंवा रेजाला (स्त्री मजुराला) अपघात झाला तर?

कामगारांची जबाबदारी ठेकेदाराची आहे, असे करारात स्पष्ट असावे आणि त्याने विमा उतरवला असल्यास त्याची प्रत घ्यावी. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात १८ ते ६० वयोगटातील, वर्षात ९० दिवस काम केलेल्या कामगाराची नोंदणी होते. आपल्या साइटवरच्या मंडळींची ती झाली आहे का, हे विचारावे. लहान मुलांना कामावर येऊ देऊ नये.

ठेकेदार अर्ध्यात काम सोडून गेला तर काय करावे?

दुसरा मिस्त्री लावण्याआधी झालेल्या कामाचे अभियंत्याकडून मोजमाप करून घ्यावे आणि तारखेसह फोटो काढावेत. एकदा दुसऱ्याचा हात लागला, की कोणाचे किती, हे सांगता येत नाही. नंतर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने नोटीस पाठवावी. गावची तंटामुक्ती समिती जागरूक असेल, तर पुष्कळ प्रकरणे तेथेच मिटतात. न मिटल्यास, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही ‘सेवा’ म्हणून स्पष्ट नमूद आहे आणि तक्रार स्वतःच्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगात करता येते. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल, तर जिल्हा आयोगच पाहतो. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे. प्राथमिक सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. आयोगापुढे करार, डायरी आणि बँकेच्या नोंदीच उपयोगी पडतात.

शेवटचा हप्ता केव्हा द्यावा?

गच्चीवर पाळी घालून दोन दिवस पाणी भरून ठेवावे आणि खाली छतावर ओल उमटते का, ते पाहावे. सर्व नळ एकदम उघडावेत, शौचालयात बादलीभर पाणी ओतावे, प्रत्येक दार-खिडकी लावून पाहावी, अर्थिंग तपासून घ्यावे. वायरिंग आणि पाइपलाइन भिंतीत कोठून गेली आहे, याचा हाताने काढलेला का होईना, नकाशा मागावा. उरलेली फरशी आणि रंगाचा डबा घरीच ठेवावा. शिल्लक कामाची यादी करून, ती पूर्ण झाल्यावर, ‘पूर्ण रक्कम मिळाली, मजुरांचे व दुकानाचे देणे बाकी नाही’ असे लिहून घेऊन उरलेले पैसे द्यावेत, आणि मग ग्रामपंचायतीत नमुना ८ वर (घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत) नव्या घराची नोंद करायला जावे.